उकल होण्याआधी चिठ्ठी टाका : ब्योमकेश बक्षी मिळून पाहण्याची आणि वाचण्याची रीत

रहस्यमालिका चार माणसांनी मिळून पाहिली की शेवटी एकजण हमखास म्हणतो, "मला आधीच कळालतं." त्याला खरंच आधी कळलं होतं का, हे तपासायला काहीच नसतं. मग चर्चा 'भारी होतं', 'काम चांगलं केलंय', 'चला, निघायचं का' इथंच आटोपते. यावर उपाय एकच. गुप्तहेर खुलासा करायला तोंड उघडणार, त्याच्या आधी मालिका थांबवायची आणि प्रत्येकानं आपला अंदाज कागदावर लिहून द्यायचा. हा चिठ्ठ्यांचा अर्धा तास साधला तर मंडळ टिकतं. जागा, क्रम, वही, पुस्तकं हे बाकीचं सगळं त्याच्या आगेमागे बसवायचं असतं.

मालिका म्हणून इथं 'ब्योमकेश बक्षी' ही बंगाली गुप्तहेराची हिंदी मालिका धरली आहे. बासू चॅटर्जींनी ती दूरदर्शनसाठी केली. पहिलं पर्व १९९३ साली आलं, दुसरं १९९७ साली. दोन्ही मिळून ३४ भाग. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा लेखक मित्र अजित, आणि सत्यवती म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णी. ही निवडण्याची कारणं सरळ आहेत. हिंदी मराठवाड्यात सगळ्यांना कळते. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्यांच्या घरात तर जरा जास्तच. एक कथा फार लांबत नाही. आणि जवळपास प्रत्येक भागामागं एक छापील कथा किंवा छोटी कादंबरी आहे, त्यामुळं पाहणं आणि वाचणं जोडीनं चालवता येतं.

मूळ लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांची आणखी एक बाब मंडळात पहिल्याच दिवशी सांगा, कारण तिनं माणसं जवळ येतात. जन्म १८९९ चा, जौनपूरचा. बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला ते मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. १९७० साली पुण्यातच वारले. म्हणजे ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या बहुतेक गोष्टी कोलकात्यात नव्हे, महाराष्ट्रात बसून लिहिलेल्या आहेत. शिवाजी महाराजांच्या काळातला सदाशिव नावाचा पोरगा नायक करून त्यांनी बंगाली मुलांसाठीही कथा लिहिल्या.

माणसं, जागा, वेळ

आठ ते बारा माणसं पुरे. सहाच्या खाली गेलं तर चिठ्ठ्यांत मजा राहत नाही, पंधराच्या वर गेलं तर सभा होते. वयं मुद्दाम मिसळा. ज्यांनी ही मालिका अँटेना फिरवत पाहिली अशी दोन-तीन माणसं हवीत आणि ज्यांना गुप्तहेर म्हटलं की मोबाईलवरची परदेशी मालिका आठवते अशी तीन-चार पोरंही हवीत. निवृत्त शिक्षक एक असावेत, दोन नकोत. लातूर, नांदेड, परभणीत हे पाळणं अवघड आहे, तरी प्रयत्न करा, कारण दोन सर एकत्र आले की तिसऱ्याला बोलायला मिळत नाही.

जागेसाठी आधी गावातल्या वाचनालयात विचारा. बऱ्याच वाचनालयांत वर्तमानपत्रांची खोली संध्याकाळी सातनंतर रिकामी असते आणि चिटणीसांना असा काही उपक्रम चाललेला हवाच असतो. नाही जमलं तर कुणाची ओसरी, कुणाची गच्ची. मार्च ते जून गच्चीच बरी, पण साडेसातच्या आधी जाऊ नका. फरशी तापलेली असते. लाईटचा भरवसा धरू नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा, स्पीकर बॅटरीवर चालणारा घ्या. भाग अधिकृत ठिकाणी कुठं मिळतोय ते आदल्या दिवशीच पाहून, लावून, आवाज तपासून ठेवा. ऐन वेळी इंटरनेट गोल फिरायला लागलं की पंधरा मिनिटांत माणसं गावच्या राजकारणावर जातात आणि परत येत नाहीत.

पंधरा दिवसांतून एक बैठक ठेवा. आठवड्याला ठेवली की वाचन होत नाही, महिन्याला ठेवली की मागचं विसरतं. खायला चुरमुऱ्यांचा सुशीला किंवा भजी काहीही चालेल, पण चिठ्ठ्यांचा थांबा झाल्यावर. आधी दिलं तर अर्धे पुरावे कुरकुरण्यात जातात.

कोणत्या क्रमानं पाहायचं

शरदिंदूंनी ३२ पूर्ण कथा लिहिल्या, ३३ वी अपुरी राहिली. सगळं पाहायचं-वाचायचं ठरवू नका. सात-आठ नीट केल्या तर पुढचं मंडळ आपोआप ठरवतं.

सुरुवात 'सत्यान्वेषी'पासून. इथं अजित आणि ब्योमकेशची ओळख होते, कोलकात्यातल्या एका मेसमध्ये, म्हणजे भाड्यानं राहण्याजेवण्याच्या घरात. गंमत अशी की ही कथा आधी लिहिलेली नाही. १९३२ साली आधी 'पथेर काँटा' (मालिकेतली 'रास्ते का काँटा') लिहिली गेली, मग 'सीमांत हीरा', आणि मग लेखकाला वाटलं की दोघांची भेट कशी झाली ते सांगायला हवं. तेव्हा पहिल्या दोन बैठका 'सत्यान्वेषी' आणि 'रास्ते का काँटा' अशा लावा आणि दुसरीच्या शेवटी मंडळाला विचारा, यातली आधीची कोणती वाटते आणि का. ब्योमकेश कुठं जास्त मुरलेला वाटतो, कुठं लेखक अजून चाचपडतोय, यावर बरंच बोलणं निघतं.

तिसरी 'मकड़ी का रस'. ही माझी सगळ्यात आवडती शिकवणी आहे. इथं खुनी कोण हा प्रश्नच नाही. एक म्हातारा गृहस्थ खोलीत अडकून पडलेला, घरच्यांचा सतत पहारा, तरी त्याला विषारी कोळ्याच्या रसाची नशा मिळतेच. कशी मिळते, एवढंच शोधायचं. ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून अजित एकटाच ते घर पाहून येतो आणि काय पाहिलं ते सांगतो. त्या सांगण्यावरून उकल होते. म्हणजे ब्योमकेशच्या हातात जे आहे तेच जवळजवळ आपल्याही हातात. नव्या माणसांना 'कोण'पेक्षा 'कसं' हा प्रश्न जास्त सोपा जातो, कारण त्यात चेहऱ्यावरून संशय घेता येत नाही.

चौथी 'वसीयत'. मृत्युपत्र, घरातली भांडणं, आणि सत्यवतीचा प्रवेश. मराठवाड्यात ही सहज चालते. वाटणी, फेरफार, खासरा पत्रक हे शब्द माहीत नाहीत असं घर इकडं सापडणार नाही, आणि कोणत्या कागदानं कुणाचं काय जातं हे आपल्या मावश्यांना गुप्तहेरापेक्षा लवकर कळतं.

पुढं 'तस्वीर चोर' आणि 'किले का रहस्य' जोडीनं घ्या. दोन्हींचा मुलूख एकच आहे, तिथले काही ओळखीचे चेहरेही पुन्हा भेटतात. मग 'अमृत की मौत', ज्यात दुसऱ्या महायुद्धानंतर मागं राहिलेल्या हत्यारांचा विषय येतो. 'चिड़ियाघर' आणि 'साही का काँटा' पुस्तकाशी ताडून पाहण्यासारख्या आहेत, त्या शेवटी ठेवा. 'आदिम शत्रु'बद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

वही

मंडळाची एक वही हवी. दोनशे पानी, रेघांची, साधी. प्रत्येकाजवळ वेगळी नको, कारण मग सगळे लिहीत बसतात आणि पाहत कुणीच नाही. दर बैठकीला एक लेखनिक नेमा. त्यानं फक्त तीन गोष्टी टिपायच्या: कोणती वस्तू दोनदा दिसली, कोण काय म्हणालं जे म्हणायची गरज नव्हती, आणि कोण कधी कुठं होतं. शेजारी मिनिट लिहायचं, म्हणजे नंतर तो प्रसंग पुन्हा लावता येतो.

दुसरा मुद्दा सगळ्यात उपयोगाचा आहे. रहस्यकथेत लेखकाला वाक्य खर्च करायचं असतं तेव्हा काही कारण असतं. एखादा नोकर उगीच म्हणाला की मालक आज लवकर झोपले, तर ते उगीच नाही. मालिकेत हे जास्त खरं आहे, कारण तिथं वेळ मोजूनच मिळतो. लेखनिकाला हे सांगून ठेवा, मग तो संवाद वेगळ्या कानानं ऐकतो.

संशयितांची नावं पहिल्या दहा मिनिटांत पानावर एकाखाली एक लिहून घ्या. बंगाली नावं नवख्यांना गुंतवतात. कुणाच्या नावापुढं 'बाबू', कुणी आडनावानं, कुणी घरच्या टोपणनावानं. 'तो चष्मेवाला' असं लिहिलं तरी चालेल.

थांबा

आता मुख्य काम. कुठं थांबायचं हे ठरवायला एका माणसानं भाग आधी पाहिलेला असला पाहिजे. त्याला आम्ही 'कोतवाल' म्हणतो. कोतवालानं त्या दिवशी चिठ्ठी टाकायची नाही, आणि त्याहून अवघड म्हणजे, चेहरा दगडी ठेवायचा. कुणी बरोबर नाव घेतलं की डोळे चमकतात, आणि पोरांची नजर त्याच्यावरच असते. म्हणून थांब्याच्या वेळी कोतवालाला चहा करायला पाठवा.

ब्योमकेश खुलासा करायला लागण्याच्या नेमकं आधी थांबायचं. खूण सोपी आहे: तो माणसांना एकत्र बसवतो, किंवा अजितकडं वळून 'आता सांगतो' अशा सुरात बोलायला लागतो, किंवा एखादा सापळा लावायला निघतो. सापळ्याच्या आधी थांबायचं, नंतर नाही, कारण सापळ्यात कोण पाय टाकतो ते दिसलं की सगळं संपलं. बहुतेक भागांत ही वेळ शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांच्या अलीकडं येते.

चिठ्ठीवर तीन ओळी मागा. कोण, कसं, आणि कोणत्या एका गोष्टीवरून. तिसरी ओळ नसेल तर चिठ्ठी बाद. नुसतं नाव तुक्क्यानंही जुळतं. चार-पाच संशयितांत कुणाचं तरी जुळणारच. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, झाकण लावायचं, आणि मगच बोलायला सुरुवात करायची. आधी बोललं तर मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांना आपल्या बाजूला ओढतो. मोबाईल या वेळात एका टोपलीत. कुणाचा तरी भाचा शेवट शोधून काढतोच, आणि त्याला वाटतं आपण मोठं काम केलं.

आता वीस-पंचवीस मिनिटं बोलू द्या. चर्चा चालवणाऱ्यानं एवढंच करायचं की 'मला वाटतं' म्हणणाऱ्याला 'कुठं दिसलं?' विचारायचं. वही उघडायची, मिनिट काढायचं, हवं तर तो तुकडा पुन्हा लावायचा. इथं माणसांचे स्वभाव कळतात. काही जण सगळ्यात श्रीमंतावर संशय घेतात, काही जण सगळ्यात गोड बोलणाऱ्यावर. एक मावशी दरवेळी डॉक्टरवरच घेतात, कथेत डॉक्टर असो वा नसो.

मग उरलेला भाग एका दमात पाहायचा. संपल्यावर डबा उघडायचा आणि चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या, नावासकट. नाव चुकलं पण कारण बरोबर असेल तर त्याला जास्त मान द्या. गुण देऊ नका, बक्षीस देऊ नका; स्पर्धा सुरू झाली की माणसं घरी आधी पाहून यायला लागतात.

शेवटी लेखकाला कठड्यात उभं करायचं. ज्या ज्या खुणांवर ब्योमकेशनं उकल केली त्या एकेक घ्या आणि वहीत पाहा: ती आपल्याला दाखवली होती, फक्त सांगितली होती, की लपवून ठेवली होती? दाखवली असेल आणि आपण हुकलो तर हार आपली. लपवली असेल तर दोष त्याचा. हा हिशोब भागागणिक वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. दहा भागांनंतर त्या पानावरून कळतं की कुठली कथा खरी कोडी आहे आणि कुठली नुसती छान सांगितलेली गोष्ट. माझ्या मते शरदिंदूंच्या बऱ्याच कथा दुसऱ्या प्रकारच्या आहेत आणि त्यानं त्यांचं काही बिघडत नाही, पण हे मंडळात म्हटलं की वाद होतो. होऊ द्या.

मग पुस्तक

पाहण्याआधी वाचू नका. ज्यांना पुस्तकाचं वेड आहे ते यावर भांडतील, पण रहस्यकथेत कथा दोनदा पहिल्यांदा भेटत नाही, आणि मंडळात पहिली भेट सगळ्यांची एकत्र व्हायला हवी. वाचायला पंधरा दिवस हातात आहेतच.

वाचनालयात मराठी आणि हिंदी अनुवाद कोणते आहेत ते विचारा. नसतील तर मागणी वहीत लिहा, तीन-चार सभासदांनी एकच मागणी लिहिली की पुढच्या खरेदीत ती गांभीर्यानं घेतात. इंग्रजी चालत असेल तर पेंग्विनचे श्रीजाता गुहा यांनी केलेले दोन संग्रह पुरतात. 'पिक्चर इम्परफेक्ट' मध्ये सात कथा आहेत. 'सत्यान्वेषी', ग्रामोफोनच्या पिनेची कथा, कोळ्याच्या रसाची, मृत्युपत्राची आणि 'तस्वीर चोर' ही सगळी त्यात येतात. 'द मिनॅजरी' मध्ये 'चिड़ियाघर' आणि 'साही का काँटा' या दोन मोठ्या गोष्टी मिळतात. एकच प्रत असेल तर इंग्रजी येणाऱ्यानं वाचून मराठीत सांगायचं. सांगताना गाळलं काय ते दुसऱ्यानं तपासायचं. बंगाली वाचणारं कुणी सापडलं तर सोन्याहून पिवळं.

वाचताना काय शोधायचं? सगळ्यात आधी अजित. पुस्तकात बहुतेक कथा तोच सांगतो, म्हणून वाचकाला तेवढंच कळतं जेवढं अजितनं पाहिलं. पडद्यावर कॅमेरा अजितच्या पाठीमागं फिरत नाही. तो जिथं नाही तिथंही जातो. तेव्हा मालिकेतल्या ज्या प्रसंगांत अजित हजर नाही त्यांची यादी करा आणि पुस्तकात ती माहिती कुठून आली ते पाहा. कधी ती पत्रातून येते, कधी साक्षीतून, कधी ब्योमकेश शेवटी सांगतो तेव्हाच. मालिकेनं ती लवकर दाखवली असेल तर प्रेक्षक वाचकाच्या पुढं गेला, आणि मग चिठ्ठ्यांचा निकाल तसा का लागला हेही समजतं. शेवटच्या काही कथांत शरदिंदूंनी अजितला निवेदनातून काढलंच आणि गोष्ट तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगितली. 'साही का काँटा' त्यातली. ती वाचताना काय हरवलं आणि काय मोकळं झालं, यावर एक पूर्ण बैठक जाते.

दुसरं म्हणजे वय. पहिल्या भेटीत अजितला ब्योमकेश तेवीस-चोवीस वर्षांचा वाटतो. पुढं त्याचं लग्न होतं, मुलगा होतो, तो अजितबरोबर पुस्तकांच्या धंद्यात पडतो. बहुतेक गुप्तहेर आयुष्यभर एकाच वयाचे राहतात, हा वाढतो. १९३६ नंतर शरदिंदूंनी त्याला जवळपास पंधरा वर्षं बाजूला ठेवलं आणि १९५१ च्या सुमारास 'चित्रचोर'नं (मालिकेतली 'तस्वीर चोर') परत आणलं. त्या खंडाच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक कथा शेजारी ठेवून वाचा. नवरा-बायकोचं बोलणं पलीकडच्या कथांत खमंग आहे, आणि सुकन्याताईंनी ते पडद्यावर छान धरलं आहे.

'चिड़ियाघर'साठी आणखी एक दार उघडं आहे. याच कादंबरीवर सत्यजित राय यांनी १९६७ साली उत्तमकुमारला घेऊन चित्रपट केला. कादंबरी, चित्रपट आणि दूरदर्शन अशी तिन्ही जमली तर कोणी काय कापलं ते पाहा. पात्रं इतकी आहेत की कापल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि कापलेल्या पात्राबरोबर कोणता संशय गेला हा खरा प्रश्न.

काळ ताडून पाहणं

जुन्या काळातली गुप्तहेर मालिका पाहताना काळ नुसता पडद्यामागचा पडदा नसतो. ट्राम, मेस, ग्रामोफोन, तार, घरकाम पाहणारा पुँटीराम, हे सगळं गुन्ह्याच्या कामाला येतं. पोरांना ग्रामोफोनची पिन कधी दिसलेली नसते. ती लोखंडी, सुईसारखी असते आणि तबकडी वाजवताना झिजते म्हणून सतत बदलावी लागायची, त्यामुळं घरात त्यांच्या डब्या असायच्या. हे कळलं की 'रास्ते का काँटा' मधली भीती कळते: इतकी साधी वस्तू आणि त्यानं माणसं मरतायत. गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा कुणाच्या माळ्यावर एखादी डबी मिळाली तर बैठकीला आणाच.

पण आपल्याकडं एक जास्तीचं काम करता येतं, जे पुण्या-मुंबईच्या मंडळाला येणार नाही. वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडं कोलकाता, उजवीकडं आपला जिल्हा, त्याच वर्षी. ब्योमकेश इंग्रजांच्या कोलकात्यात हिंडत होता तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. सरकारी कामकाज उर्दूत. नाणं वेगळं, टपालाचं तिकीटसुद्धा वेगळं. साधारण सात हाली रुपये, म्हणजे निजामाचे रुपये, बरोबर सहा इंग्रजी रुपये, तेव्हा कथेत कुणी रुपयांची रक्कम सांगितली की ती हाली शिक्क्यात करून पाहा. आजोबा लोक लगेच सरसावून बसतात. अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं. लातूरला बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी यायची आणि मनमाड ते काचीगुडा मीटरगेज होती. लातूर जिल्हा म्हणून वेगळा झाला १९८२ साली, तेव्हा लातूरकरांनी उजव्या रकान्यात उस्मानाबाद जिल्हा लिहायचा.

तारखांचा खेळही करून पाहा. शरदिंदू बंगाली सन वापरत. त्यात ५९३ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या सुमारापासून चैत्र संपेपर्यंत ५९४. बंगाली १३३९ चा आषाढ म्हणजे १९३२ चा पावसाळा. आपल्याकडच्या निजामकालीन कागदांवर फसली म्हणजे महसुली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे, जानेवारीनंतर ५९१. आजर, दय, बहमन असे त्याचे महिने. कुणबी नोंदींच्या शोधात अलीकडं घरोघरचे मोडी-उर्दू कागद बाहेर निघालेच आहेत. त्यातला एखादा फसली तारखेचा कागद आणा आणि त्याच वर्षीची ब्योमकेशची कथा शोधा. जमिनीच्या कागदावर हात ठेवून 'वसीयत' पाहिली की चर्चेला वेगळीच धार येते.

'आदिम शत्रु' लावण्याआधी

ही कथा १९४६-४७ च्या कोलकात्यात घडते. दंगली, घबराट, आणि स्वातंत्र्य तोंडावर आलेलं. तिकडं १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा लागला तेव्हा मराठवाड्याला आणखी तेरा महिने वाट पाहायची होती. आपला दिवस १७ सप्टेंबर १९४८. त्या तेरा महिन्यांत रझाकारांनी काय केलं हे घराघरांत सांगितलं जातं. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौज संस्थानात आल्यावर, काय काय झालं तेही काही घरांत सांगितलं जातं, जरा हळू आवाजात. दोन्ही घरची माणसं तुमच्या मंडळात असतील, असायलाच हवीत.

म्हणून ही कथा सुरुवातीला लावू नका. पाच-सहा बैठका होऊन माणसं एकमेकांच्या विनोदाला हसायला लागली की मगच. आदल्या बैठकीत सांगून ठेवा की पुढच्या वेळी दंगलीचा काळ आहे. कुणाला आठवणी सांगायला लावू नका. ज्याला सांगायच्या आहेत तो आपण होऊन सांगेल, आणि तेव्हा मधे कुणी तारीख दुरुस्त करायची नाही. चिठ्ठ्या त्या दिवशीही टाकायच्या. खून अखेर खुनासारखाच तपासायचा. गर्दीच्या हिंसेत एका माणसानं आपल्या हिशोबानं केलेला गुन्हा कसा दडतो, हा प्रश्न कथेनंच समोर ठेवला आहे. चर्चा त्याला धरून ठेवली की ती भरकटत नाही.

जुन्या आठवणींचा असाच एक अनुभव लातूरकडं येतो. '१९९३ साली ही मालिका कोण कोण पाहत होतं?' असं विचारलं की लोकांना मालिका आठवत नाही, किल्लारी आठवतं. ३० सप्टेंबरची पहाट. तो विषय निघाला तर निघू द्या. मालिका कुठं पळून जात नाही.

न्याय कुणी करायचा

काही कथांत ब्योमकेश सत्य शोधतो आणि गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करत नाही. कोणत्या ते इथं सांगत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, आणि सत्य सापडल्यावर पुढं काय करायचं हे कित्येकदा स्वतःच ठरवतो. हा प्रश्न मंडळात नीट लढवा, कारण इथं कोडं संपतं आणि माणूस सुरू होतो.

दोन बाजू करा, पण ज्याला जे पटतं ती बाजू त्याला देऊ नका, उलटी द्या. मंडळात वकील असेल तर त्याला ब्योमकेशची बाजू घ्यायला लावा. तेव्हा खुनाला कलम ३०२ खाली फाशी किंवा जन्मठेप होती; आज भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे, शिक्षा तीच. परकं सरकार, परका कायदा, म्हणून ब्योमकेश हात आखडता घेत असेल का? मग स्वातंत्र्यानंतरच्या कथांत तो बदलला का? हे तपासायला पुन्हा पुस्तकाकडं जावं लागतं, आणि पुन्हा तारखांकडं. गरीब गुन्हेगाराला सूट आणि श्रीमंताला नाही असं काही दिसतं का, बाईला आणि बाप्याला वेगळा न्याय आहे का, हेही पाहा. कथांत नोकरांवर संशय किती चटकन जातो आणि ते बोलतात किती थोडं, यावर आमच्याकडच्या एका कॉलेजच्या पोरीनं केलेली टिपणं मला कुठल्याही समीक्षेपेक्षा उजवी वाटतात.

आपल्या मुलखातली केस

पाच-सहा महिने झाले की पोरं म्हणतात, आपणच एक लिहू. लिहू द्या, पण वर्ष आणि गाव आधी ठरवायला लावा. समजा, १९४० च्या आसपासचं मोमिनाबाद किंवा पैठण. मग वहीतला उजवा रकाना कामाला येतो. तपास करणारा पोलीस अंमलदार कोण असेल, तो कुठल्या भाषेत जबानी लिहील, पंचनाम्यावर तारीख कुठल्या सनाची पडेल, पुरावा हैदराबादला पोचायला कुठल्या गाडीनं किती बदल करावे लागतील. यातल्या प्रत्येक उत्तरात एक धागा लपवता येतो. जिल्हा गॅझेटिअर वाचनालयात असतं, म्हातारी माणसं गल्लीत असतात. फोन आणि रक्ततपासणी काढून घेतली की लिहिणाऱ्याला माणसांच्या वागण्यातूनच खुनी पकडावा लागतो. लिहिलेली गोष्टही थांब्यासकट वाचायची: शेवटचं पान लेखकाच्या खिशात, डबा मधे.

ब्योमकेश संपला की बहुतेक मंडळं डेव्हिड सुशेच्या 'पॉयरो' या इंग्रजी गुप्तहेर मालिकेकडं वळतात. रीत तीच ठेवा, फक्त काळाचं पान बदला. त्या मालिकेचे ७० भाग १९८९ ते २०१३ मध्ये आले, आणि ॲगाथा ख्रिस्तींच्या पॉयरोच्या कादंबऱ्या १९२० ते १९७५ मध्ये छापल्या गेल्या, पण मालिकेनं बहुतेक सगळ्यांना १९३० च्या दशकात आणून बसवलं. तेव्हा प्रत्येक भागाला आधी कादंबरीचं छापील वर्ष लिहा, शेजारी मालिकेचं वर्ष लिहा, आणि मधे काय बदलावं लागलं ते शोधा. सबटायटल लावा, आवाज जरा मोठा ठेवा, आणि कोतवालाला चहा करायला पाठवायचं विसरू नका.